मॅडमच्या घरातल्या बदल्या

शेजारच्या फ्लॅटमधून फरशीवर काहीतरी जड ओढल्याचा कर्रकर्र आवाज आला की आमच्या सासूबाई चहाचा कप हातात धरूनच म्हणायच्या, "झाल्या बदल्या जाहीर!"

ओढणाऱ्या अर्थातच मॅडम असायच्या. त्यांना खरं नाव होतं, पण आमच्या वारज्याच्या सोसायटीत ते वापरायची हिंमत कोणी केली नाही. त्यांचे यजमानसुद्धा त्यांना मॅडमच म्हणत. सरकारी कचेरीत लोकांच्या बदल्या करणाऱ्या शाखेत त्यांची सगळी नोकरी झाली. निवृत्त झाल्यावर हाताखाली माणसं राहिली नाहीत, मग बाईंनी घरातल्या सामानाला धारेवर धरलं. कुठलीही वस्तू एका जागी फार दिवस राहिली की माजते, हे त्यांचं ठाम मत. त्यामुळे आज हॉलमध्ये असलेलं टेबल उद्या स्वयंपाकघरात रुजू झालेलं दिसायचं, शिवणयंत्राची रवानगी बाल्कनीत व्हायची, आणि मिक्सरचं फुटकं झाकण कुंडीखाली पाणी झेलत बसलेलं असायचं. "ते प्रतिनियुक्तीवर आहे," मॅडम सांगायच्या. म्हणजे मूळ खातं मिक्सरचं, पण सध्या काम दुसऱ्या खात्यात.

लग्न होऊन मी या घरात आले त्याच आठवड्यात त्या आमच्याकडे आल्या. चहा नको म्हणाल्या, पाणी नको म्हणाल्या, आणि दारात उभ्या राहून सोफ्याकडे रोखून बघत राहिल्या. "हा इथे काय करतो?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "सोफा आहे, मॅडम." "ते दिसतंय मला. काम काय करतो? खिडकी अडवतो. उचल त्या बाजूनं." नव्या नवरीला नाही म्हणता येत नाही, एवढ्या एका कारणामुळे आमच्या घरात त्या दिवसापासून दुपारचं ऊन येतं. सोफ्याखाली काय काय निघालं ते मी सांगत नाही, सासूबाई वाचतील.

त्यांच्या यजमानांना आम्ही काका म्हणायचो. गरीब माणूस. एकदा संध्याकाळी बँकेतून दमून आले आणि रोजच्या सवयीनं खुर्चीत बसायला गेले. खुर्चीची बदली दुपारीच झाली होती. काका थेट फरशीवर! आम्ही धावलो, तर मॅडम कमरेवर हात ठेवून उभ्या. "बघून बसावं माणसानं. घर आहे हे, तुमची बँक नाही." काका फरशीवर बसल्या बसल्याच हसत होते. हळूच मला म्हणाले, "पस्तीस वर्षांत कंटाळा म्हणून आला नाही बघ."

एकाच वस्तूला त्यांच्या घरात अभय होतं. पूर्वेच्या भिंतीवरच्या फळीवर छोटी बुद्धमूर्ती होती, ती कधी हलली नाही. मी एकदा खोचकपणे विचारलंच. "ते बदली-बढतीच्या पलीकडे गेलेत," मॅडम म्हणाल्या. "आपण अजून नाही."

घराची मोठी साफसफाईही त्या वैशाखात, बुद्धपौर्णिमेच्या आधी काढायच्या. "दिवाळीला अख्खं पुणं धूळ झटकतं आणि ती माझ्याकडे येऊन बसते. तेव्हा कशाला झाडू?" त्यांच्या झाडण्याची रीत वेगळी होती. आधी सगळं सामान खोलीच्या मधोमध आणायचं, भिंती मोकळ्या करायच्या, आणि पंखे, माळे, फरशी धुऊन झाली की एकेका वस्तूला 'तुझं काम काय?' असं विचारून परत घ्यायचं. जिला उत्तर देता आलं नाही ती बाहेर. काकांचा जुना रेडिओ दर वर्षी बाहेर निघायचा आणि दर वर्षी काका त्याची बाजू मांडून त्याला आत आणायचे.

बाल्कनीतला कढीपत्ता ही मॅडमची शान होती. अख्ख्या सोसायटीच्या फोडण्या त्यावर चालायच्या. तो ज्या पांढऱ्याशुभ्र कुंडीत वाढला होता, ती कुंडी म्हणजे बिल्डरनं टाकून दिलेला कमोड होता. पुढे अबोलीच्या कुंड्या लावून मॅडमनी त्याचं मूळ खातं झाकून ठेवलं होतं. एका उन्हाळ्यात अबोली सुकली आणि सगळं उघड्यावर आलं. चेअरमन तणतणत आले. "अहो मॅडम, कशात लावलंय हे! आम्ही पोह्यांत घालून खातो!"

"कोरा आहे तो. त्यावर अजून कोणी बसलेलं नाही," मॅडम म्हणाल्या. "तुमच्या खुर्चीबद्दल असं म्हणता येईल का?"

पुढच्या रविवारी चेअरमनच्या घरून कढीपत्ता न्यायला माणूस आलाच.

मग काका गेले. झोपेतच गेले, कुणाला त्रास न देता, त्यांच्या स्वभावाप्रमाणे. मॅडमच्या मुलाला काळजी वाटणं साहजिक होतं. तो बालेवाडीला राहायचा, सालस मुलगा. म्हणाला, आईनं आता एकटं राहायचं नाही, वारज्याचं घर विकून टाकू. मॅडम वाद घालतील असं आम्हाला वाटलं होतं. त्यांनी कपडे भरायला घेतले. निघताना मोगऱ्याची कुंडी माझ्या दारात ठेवून म्हणाल्या, "हा चिडका आहे. ऊन बघून फिरवत राहा. एका जागी ठेवलास तर मरणार नाही, पण फुलणारही नाही."

महिन्याभरानं मी त्यांना भेटायला बालेवाडीला गेले. घर कसलं, हॉटेल! टीव्ही भिंतीत, पलंग भिंतीत, कपाटं भिंतीत, सोफा फरशीला जखडलेला. बाल्कनीत हिरवं प्लॅस्टिकचं गवत. सून बिचारी चांगली. "आईंना काही म्हणजे काही करू देत नाही मी," कौतुकानं सांगत होती. मॅडम सोफ्याच्या कोपऱ्यात हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. मी त्यांना अशा रिकाम्या हातांनी कधी बघितलंच नव्हतं.

सून आत गेल्यावर त्या हळूच म्हणाल्या, "इथं सगळे कायम आहेत गं. तात्पुरती मी एकटीच."

रिक्षात बसून मी वारज्यापर्यंत त्या निर्जीव सोफ्याला शिव्या घालत आले. घरी आल्या आल्या फोन लावला. "मॅडम, आमच्या कपाटाची बदली करायची आहे. कुठे करू कळत नाही."

पलीकडून तोच जुना आवाज. "हात लावू नकोस. तुला जमायचं नाही. येते मी."

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात मॅडम, हातात कपड्यांची भलीमोठी पिशवी. मी पिशवीकडे बघितलं. "प्रतिनियुक्तीवर आलेय," त्या म्हणाल्या आणि आत शिरल्या.

आमचं कपाट झालं, मग चेअरमनचा दिवाण, मग तळमजल्यावरच्या जोशीकाकूंचं अख्खं स्वयंपाकघर. मुलगा न्यायला आला तेव्हा मॅडम पदर खोचून खुर्चीवर उभ्या राहून पंखा पुसत होत्या आणि चेअरमन खाली उभे राहून शिव्या खात होते. मुलानं गाडीची किल्ली खिशात ठेवली. मग म्हणाला, "आई, घर नाही विकत मी. पण रोज रात्री फोन करायचा." "करीन," मॅडम म्हणाल्या. "आता आलायस तर ते टेबल धर."

त्यानंतर त्या स्वतःच्या घरात राहिल्या, आणि पुढची काही वर्षं आमच्या कोणाच्याच घरात काहीही जागेवर राहिलं नाही. गेल्या थंडीत त्या गेल्या. आदल्या दिवशी आमच्याकडे येऊन त्यांनी शेल्फ हलवलं होतं, आणि मोगऱ्याची कुंडी हिवाळ्याच्या उन्हासाठी बाल्कनीच्या डाव्या कोपऱ्यात सरकवली होती.

मी त्यानंतर कशालाच हात लावला नाही. शेल्फ तिथंच, सोफा तिथंच, कुंडी तिथंच. मॅडमनी शेवटचं ठेवलंय ते आपण कोण हलवणार? उन्हाळा आला. डाव्या कोपऱ्यात ऊन येईना, मोगऱ्याला नुसती पानं. मी रोज पाणी घालायची आणि रोज चिडायची. मग एका सकाळी सोफ्याखालून माझ्या लेकीचा बॉल काढायला वाकले, तर तिथे धुळीचा थर बसलेला. फार लाज वाटली मला. मॅडमच्या आठवणीत मी घराचं बालेवाडी करून ठेवलं होतं.

तशीच उठले, बाल्कनीत गेले आणि कुंडी ओढायला लागले. मेली जड होती. डोळ्यांतलं पाणी पुसायला हात मोकळा नव्हता. फरशीवर कर्रकर्र आवाज झाला.

आतून सासूबाईंचा आवाज आला, "झाल्या बदल्या जाहीर!"

आणि मग कप ओट्यावर ठेवल्याचा आवाज आला. त्या बाहेर आल्या, समोर वाकल्या आणि त्यांनी कुंडीची दुसरी बाजू धरली.