सातही प्रश्नांना तिसरं उत्तर

बान यू-ह्वा अकरा वर्षं कोरियातल्या फानग्योच्या एका गेम कंपनीत एकाच पडद्यावर काम करत होती. गेम सुरू होण्याआधी खेळणारा आपलं पात्र घडवतो, तो पडदा. सात प्रश्न असतात, आणि उत्तरांवरून ठरतं की राजवाडा, मठ, डोंगरवाले आणि तस्कर हे चार गट त्या पात्रावर किती भरवसा ठेवणार. जखमी बंडखोर दारात आला तर? लपवला की डोंगरवाले खूश आणि राजवाडा नाराज. पकडून दिला की उलट. ही ओढाताण तोलून धरणं हेच तिचं काम. त्यात तिनं प्रत्येक प्रश्नाला पदरचं एक तिसरं उत्तर जोडलं होतं. इथे ते होतं, ‘दार उघडतच नाही.’ ना कोणाचे गुण वाढत, ना कमी होत.

गेम खेळून चुका काढणारी नू-री जिभेनं तिखट होती. ती एकदा खुर्ची ओढून बसली.

“ताई, मी सातही वेळा तुमचं तिसरं उत्तर दिलं आणि गावात शिरले. मारायला कोणी आलं नाही. पण प्यायला पाणीही कोणी विचारलं नाही. दोन तास हिंडले. हा माणूस आहे का विजेचा खांब?”

“कोणी वैरी झालं नाही ना? मग झालं तर.”

“वैरी व्हायला तरी कोणीतरी ओळखायला हवं ना!”

यू-ह्वा हसली आणि नू-रीच्या तक्रारीच्या कागदावर ‘विचार करू’ असं लिहून तिनं तो बाजूला ठेवला. विचार केला नाही. खरं सांगायचं तर असल्या बोलण्यानं तिला काही होतच नसे. थोरल्या भावाच्या आणि धाकट्याच्या मधे वाढलेली ती, दोन्ही डगरींवर हात ठेवून जगायची तिला इतकी सवय की हात बधिर झाल्याचंही कळत नव्हतं.

त्या वर्षी आई यंगजू गावच्या आपल्या घरी पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. थोरला म्हणे, सोलला माझ्या घराजवळ वृद्धांचं रुग्णालय आहे, तिथे ठेवू. धाकटा म्हणे, तेगूला माझ्याकडे राहील. पण धाकट्याची बायको चर्चला जाणारी, त्यांच्या घरी पितरांचं पान मांडत नाहीत. त्यावरून थोरल्याचं माथं भडकलेलं. इस्पितळात यू-ह्वा एकटी सापडल्यावर आईनं तिचा हात धरला.

“मला दोघांकडेही नको गं. माझं घर आहे, अंगणात सोयाबीनचं ट्वेनजांग आंबवायचे रांजण आहेत, शेजारीण दोन वेळा डोकावते. तू मधली, तुझं दोघंही ऐकतात. सगळे जमले की एवढंच सांग, आईला घरी जायचंय.”

“सांगते.”

छुसॉकच्या सणाला सगळे थोरल्याकडे जमले. पितरांपुढे थोरला वाकला, धाकटा हात बांधून उभा राहिला. जेवायला बसल्यावर व्हायचं तेच झालं.

“वाकायची लाज वाटते, आणि आईला न्यायला निघालाय!”

“तू तरी कुठे घरी नेतोयस, दादा? रुग्णालयातच टाकणार ना?”

 आई यू-ह्वाकडे बघत राहिली. घास चावायचीही थांबली होती ती.

“दोघांचंही बरोबर आहे,” यू-ह्वा म्हणाली. “असं करा ना, सोलही नको, तेगूही नको. मधे तेजॉनला चांगली रुग्णालयं आहेत. दोघांनाही सारखंच अंतर. सूप निवतंय, जेवून घ्या.”

भावांनी चमचे उचलले. धाकटा तर म्हणाला, “ताई, तू आहेस म्हणून हे घर टिकलंय.” तेजॉनमध्ये आईच्या ओळखीचं कुत्रंही नव्हतं. आईनं खाली बघून घास गिळला.

पंधरा दिवसांनी एका रविवारी दुपारी यू-ह्वा तेजॉनला गेली. खोलीत सहा खाटा होत्या. शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीनं विचारलं, “ही कोण, लेक का?”

“पाहुणी आहे,” आई म्हणाली. आवाजात राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. “लांबून आलीय. सगळ्यांशी गोड बोलते.”

मग आईनं लहान फ्रिजमधून फळाच्या रसाची बाटली काढली आणि दोन्ही हातांनी पुढे केली. परक्या माणसाला देतात तशी. पोटच्या पोरीला कोणी असं देत नाही.

यू-ह्वानं ती दोन्ही हातांनी घेतली. आता आपल्याला रडू येईल असं तिला वाटलं. ती वाट बघत बसली, चार वाजले, रडू आलं नाही. मग तिनं बाटली पिऊन संपवली, कारण दिलेलं तसंच ठेवून उठणं बरं दिसलं नसतं.