अप्पांच्या वतीने

गेल्या वर्षी हिंगोलीला आम्हा शिक्षकांचं तीन दिवसांचं प्रशिक्षण होतं. दुसऱ्या दिवशी जेवणानंतर, म्हणजे सगळ्यांच्या डोळ्यांवर झापड यायच्या वेळेला, एक बाई आल्या आणि त्यांनी एकेक छापील कागद वाटला. वर लिहिलं होतं, 'स्वतःला ओळखा'. खाली दोन रकाने, गुण आणि दोष. असल्या कागदांचा मला मनापासून कंटाळा आहे, तरी मी तो सगळ्यांच्या आधी भरून दिला. गुण: स्पष्टवक्ती, तत्पर, जबाबदार. दोष: कामाच्या नादात स्वतःकडे दुर्लक्ष होतं. दोषाच्या रकान्यातही मी एक गुणच सारून दिला होता आणि ते मला कळलंही नव्हतं. त्या बाईंना कळलं. त्या हसून म्हणाल्या, "मॅडम, हा रकाना घरच्या माणसाकडून भरून आणा."

घरचं माणूस म्हणजे अप्पा, माझे वडील. आई जाऊन नऊ वर्षं झाली. माझं लग्न झालं नाही. का झालं नाही, ते हे वाचता वाचता कुणाच्याही लक्षात येईल. अप्पांनी जन्मभर मेंढरं राखली. पाय साथ देईनात तेव्हा कळप चुलतभावाकडे दिला आणि मी त्यांना गावाहून कळमनुरीला माझ्याकडे आणलं. आणलं म्हणजे विचारून नव्हे. टेम्पो घेऊनच गेले होते.

त्या संध्याकाळी मी कागद घेऊन त्यांच्यासमोर बसले. ते पायरीवर बसून टकळीवर लोकर कातत होते. मेंढरं गेली तरी हाताला चाळा हवा म्हणून चुलतभाऊ थोडी लोकर पाठवायचा.

"अप्पा, माझ्यात काय खोड आहे ते सांगा. लिहून न्यायचंय."

"तुह्यात काय खोड? बराबर हाय तू."

"काहीतरी असेलच ना."

त्यांनी टकळी थांबवली. मग म्हणाले, "तू जराशी..."

"चिडते. हो ना? ते मला माहीतच आहे," मी म्हणाले आणि लिहूनही टाकलं. अप्पांनी पुन्हा टकळी फिरवली. त्यांना काय म्हणायचं होतं, ते मी विचारलं नाही. माझा कागद भरला होता.

यानंतर दोनेक महिन्यांनी मी त्यांना कळमनुरीतल्याच एका डॉक्टरांकडे नेलं. अप्पा जिन्याच्या दोन पायऱ्या चढून थांबायचे, जमिनीवरून उठताना भिंतीला धरायचे. गुडघे गेलेत हे सांगायला मला कुणी लागत नव्हतं. डॉक्टर भला माणूस. त्यांनी अप्पांकडे बघून विचारलं, "बाबा, काय तकलीफ आहे?"

"गुडघे," मी म्हणाले. "दोन्ही. उजवा जास्त. उन्हातान्हात मेंढरांमागे चाललेत आयुष्यभर, झिजणारच."

"पोटाचं काही? जळजळ, दुखणं? या गोळ्या जरा कडक असतात, म्हणून विचारतो."

"छे, पोट एकदम ठणठणीत आहे. लाकडं घातली तरी पचतील."

अप्पांनी तोंड उघडलं होतं. हे मला त्या वेळी दिसलं होतं, आज कबूल करते. खुर्चीत जरा पुढे सरकून त्यांनी ओठ ओले केले, तसं बोलायच्या आधी ते नेहमी करतात. पण शाळेला उशीर होत होता आणि अप्पांचं सांगणं म्हणजे आधी गाव, मग माळ, मग कुणाचा तरी सोयरा, आणि शेवटी कुठे मुद्दा. तेवढा वेळ मी देत नसे. डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिली, मी डबीवर सकाळ-संध्याकाळच्या खुणा केल्या आणि रोज समोर उभं राहून गोळ्या गिळायला लावल्या. एक दिवस चुकवला नाही. जबाबदार ना मी.

पंचविसाव्या की सव्विसाव्या दिवशी सकाळी मी पोळ्या लाटत होते. न्हाणीतून काहीतरी पडल्याचा आवाज आला. अप्पा भिंतीला टेकून उकिडवे बसले होते आणि समोर ओकारी पडली होती, काळी, उकळून टाकलेल्या चहाच्या चोथ्यासारखी. चेहरा पांढराफटक. मला बघून ते पहिलं काय म्हणाले असतील, तर "धुतो मी बाई, तू जा शाळेला."

शेजाऱ्याच्या गाडीतून त्यांना नांदेडला नेलं. दुर्बीण घालून बघितलं तेव्हा जठरात जखम निघाली. तिथून रक्त जात होतं. जखम आधीचीच होती, गोळ्यांनी ती उघडी पडली. दोन बाटल्या रक्त चढवलं. पण मला हलवलं ते त्याआधीच्या एका गोष्टीनं. तपासायला म्हणून नर्सनं अप्पांची बंडी वर केली. बेंबीच्या वर रुपयाएवढे डाग होते. एक जुना, काळा पडलेला. दुसरा अजून ओला.

"हे काय आहे?" नर्सनं मला विचारलं.

"मला माहीत नाही," मी म्हणाले. अप्पांविषयी असं उत्तर मी कुणाला आयुष्यात पहिल्यांदा दिलं.

अप्पा जरा सावरून दोन घास खायला लागल्यावर ते त्यांच्याकडूनच कळलं. मेंढराचं पोट दुखलं, ते खाईना, मान टाकली की धनगर लोखंड तापवून त्याला डाग देतात. अप्पांनी शेकडो मेंढरांना दिले असतील. काही जगली, काही मेली. पोटात कळा यायला लागल्या तेव्हा त्यांनी स्वतःवर तोच इलाज केला. "गावाकडं जरा बसून येतो" म्हणून एकदा दिवाळीनंतर आणि एकदा संक्रांतीच्या सुमाराला गेले होते, ते त्यासाठी. त्यांच्याबरोबर मेंढरं राखलेल्या एका म्हाताऱ्यानं विळा तापवून टेकवला. जिन्यात थांबायचे तेही गुडघ्यांमुळे कमी आणि पोटामुळे जास्त.

आणि मी काय केलं? वॉर्डात, रक्ताची बाटली लटकलेली असताना, त्यांना झापलं. अघोरी प्रकार, अंधश्रद्धा, मुलीची शाळेत इज्जत काय राहील, सगळं. खणखणीत आवाजात, फळ्यापासून शेवटच्या बाकापर्यंत जातो तसा. शेजारच्या खाटेवरच्या पेशंटच्या घरचे जेवता जेवता थांबले. अप्पांनी हळूच चादर हनुवटीपर्यंत ओढून घेतली. ते बघून मी गप्प झाले. मला लाज वाटली. त्यांना बोलल्याची तर वाटलीच, पण माझ्यापुढे अशी चादर ओढून घ्यायची त्यांना सवय आहे हे कळल्याची जास्त.

दवाखान्यात माणसाला विचार करायला पुष्कळ वेळ असतो. माझं हे बोलणं आलं कुठून, ते मी तिथे बाकड्यावर बसून शोधत होते. मी चौथीत होते तेव्हापासून अप्पा मला सगळीकडे पुढे करायचे. तलाठ्याकडे, शाळेत दाखल्यासाठी, कुणाच्या रानात मेंढरं शिरली म्हणून भांडण आलं तर तिथेसुद्धा. त्यांना शुद्ध बोलता येत नसे, कागद समोर आला की घाम फुटे. मग माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणायचे, "बाई, तू बोल." मी बोलायचे. साहेब लोक हसायचे, कौतुक करायचे आणि काम व्हायचं. परतताना अप्पा मला खांद्यावर घेत. त्या बोलण्यावर मी शिकले, डी.एड. केलं, नोकरी मिळवली. आमच्या वस्तीत नोकरी लागलेली पहिली मुलगी मी. ज्यानं आम्हाला वर काढलं त्याच गोष्टीनं मी अप्पांचा गळा दाबत असेन, हे मनाला पटायला तयार नव्हतं. एक मन म्हणे, त्यांनीच तर शिकवलं. दुसरं म्हणे, तेव्हा ते 'तू बोल' म्हणायचे. ते म्हणायचे कधी थांबले, हे तुला आठवतं का? मला आठवत नव्हतं.

घरी आल्यावर मी स्वतःला बदलायचं ठरवलं. आता हेही मी ठरवूनच केलं, पद्धतशीर, वहीत लिहून. समोरचा बोलत असताना तोंडात लवंग ठेवायची. ती दाताखाली आहे तोवर बोलायचं नाही. पहिल्या आठवड्यात जीभ सोलून निघाली. शाळेत हेडसर म्हणाले, "मॅडम, दात दुखतो का?" वर्गात मी प्रश्न विचारून थांबायला लागले तेव्हा पोरं घाबरली. त्यांना वाटलं, मॅडम शिक्षा ठरवून राहिल्यात. चूक त्यांची नाही. मी थांबते तेव्हा पुढे काय येतं, ते त्यांना पाठ होतं.

घरात तर विचित्रच झालं. मी गप्प असले की अप्पाही गप्प. जेवताना ताटात जेवढं वाढलं तेवढं मुकाट खायचे. "भाजी कशी झालीय?" विचारलं तर माझ्या तोंडाकडे बघून म्हणायचे, "तुला कशी वाटली?" मी चिकाटीनं लवंग चघळत राहिले. मला वाटलं, जरा वेळ लागेल, होईल सवय.

दीड महिन्यानं पुन्हा दाखवायला नांदेडला गेलो. या वेळी मी खुर्ची मुद्दाम मागे ओढून बसले. डॉक्टर तरुण होते, निवांत होते. त्यांनी अप्पांना विचारलं, "बाबा, आता कसं वाटतंय?"

अप्पांनी वळून माझ्याकडे बघितलं. मी खाली फरशीकडे बघत राहिले. मग ते बोलायला लागले, आधी अडखळत, मग बरंचसं सलग. कुठे दुखतं, कधी दुखतं, उपाशीपोटी जास्त की जेवल्यावर. इतकं नेमकं मलाही सांगता आलं नसतं. डॉक्टर ऐकत होते. मला बरं वाटत होतं, अगदी स्वतःवर खूश झाले होते मी.

"मग बाबा, तेव्हा दुखत होतं तर आधी का नाही सांगितलं? मुलगी शिकलेली आहे, घरातच आहे. ते डागबिग कशाला घेतले?"

अप्पांनी ओठ ओले केले.

"पोरगी चांगली हाय साहेब. माहं लई करते. पर हिला काही सांगितलं की ही मलाच रागावते. दुखनं ऱ्हातं बाजूला." मग तक्रार म्हणून नव्हे, नुसतं खरं ते सांगावं तसं म्हणाले, "लांडग्याला न्हाई भ्यालो कधी. हिला भेतो."

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा कागदावर लिहायला लागले. सांगण्यासारखं माझ्याकडे खूप होतं. मी त्यांच्यासाठी काय काय केलं, त्यांनी लपवलं म्हणून मला किती भोगावं लागलं. मी लवंगेवर दात आवळून धरले.

परतीची गाडी भरलेली होती, पण आम्हाला मागे दोघांची सीट मिळाली. अर्धापूर गेलं. मी खिडकीबाहेर बघत होते. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते अप्पांना दिसू नये म्हणून तोंड तिकडे केलं होतं. मी चिडले नव्हते. मला रडू येत होतं आणि शिवाय न बोलण्याचा माझा नेम चालू होता. वारंगा फाट्याला गाडी थांबली, माणसं उतरली, चढली. अप्पा दोनदा माझ्याकडे वाकून बघून गेले. मी गप्प.

गाडी सुटल्यावर त्यांनी माझ्या दंडाला बोट लावलं.

"चुकलं बाई माहं," ते म्हणाले. "परक्या मानसापुढं बोलायला नव्हतं पायजे. आता न्हाई सांगनार कोनाला."

चाळीस वर्षांत माझ्या गप्प बसण्याचा त्यांना एकच अर्थ माहीत होता आणि तो मीच त्यांना शिकवला होता. आता बोलायलाच हवं होतं, लगेच. मी लवंग थुंकली आणि त्यांच्याकडे वळले. असं बोलू नका, हे म्हणायला निघाले. घाबरायचं नसतं अप्पा, हे. पुढच्या वेळी मला आधी सांगत जा, हे. प्रत्येक वाक्य ओठापर्यंत येई आणि मला त्यात माझाच वर्गातला आवाज ऐकू येई. अप्पा हात मांडीवर ठेवून, मान खाली घालून वाट बघत होते. कळमनुरीचा स्टँड येईपर्यंत मला असं एकही वाक्य सापडलं नाही, ज्यात मी त्यांना काही शिकवत नव्हते.