चुनाभट्टीमागचा घोडा

जोसाया पॅमेंटर गेल्या आठवड्यात वारला. विद्यापीठाच्या या गावात तो भाड्याने घोडे देत असे आणि विद्यापीठाने त्याला एकदा वाळीत टाकलं होतं, एवढंच आताच्या मंडळींना ठाऊक आहे. का टाकलं, ते फारसं कुणी विचारत नाही.

विद्यार्थ्यांनी एका घोड्याची गाडी हाकायला हरकत नव्हती. एकापुढे एक असे दोन घोडे जुंपून हाकायला मात्र सक्त मनाई होती. त्यात माना मोडतात, असं विद्यापीठाचं म्हणणं, आणि ते खोटं नव्हतं. पण मनाई होती म्हणूनच प्रत्येक पैसेवाल्या पोराला तीच गाडी हवी असे.

पॅमेंटरने तोड काढली होती. गाडी गावातून एकाच घोड्यावर निघायची. पुढे जुंपायचा दुसरा घोडा तो आधीच मळ्यांच्या वाटेने नेऊन टोलनाक्यापलीकडच्या चुनाभट्टीमागे उभा करी आणि परतताना तिथेच सोडवून घेई. प्रॉक्टर, म्हणजे शिस्त राखणारे प्राध्यापक, काळा झगा घालून नाक्यावर पाळत ठेवीत. एका घोड्याची गाडी पाहून त्यांचं समाधान होई. ही जागा फक्त पॅमेंटरच्या गिऱ्हाइकांना माहीत होती, आणि गिऱ्हाइकाचं नाव तो कधी घेत नसे.

एडमंड थर्लबी हे त्यांतलंच एक गिऱ्हाईक. एका हिवाळ्यात त्याने पॅमेंटरच्या डोळ्यांदेखत गाडी खंदकात घातली. प्रॉक्टरची माणसं धावत आली. लोक त्यांना बुलडॉग म्हणतात. ती पोचेपर्यंत पॅमेंटरने थर्लबीला कुंपणाआड ढकललं आणि लगाम स्वतःच्या हातात घेतले. "घोडे माझे, गाडी माझी, आपटलीही मीच," तो म्हणाला. थर्लबी सापडता तर त्याचं नाव कॉलेजातून कमी झालं असतं. तो रडला. पॅमेंटरचा हात धरून म्हणाला, "मरेपर्यंत विसरणार नाही मी हे."

"विसरलात तरी चालेल, साहेब. जागा तेवढी कुणाला सांगू नका."

थर्लबी पुढे त्याच कॉलेजात प्राध्यापक झाला, पाद्री झाला, आणि एका वर्षी प्रॉक्टर झाला. पॅमेंटर खुशीत घरी आला.

"केझाया, आता आपला माणूस बसला तिथे."

"आपला?" बायको म्हणाली. "तुझा हात धरला तेव्हा चिखलात होता तो. चिखलातला माणूस कुणाचाही हात धरतो."

"तुला मेलीला कधी कुणाचं चांगलं दिसलंय?"

"तुझ्याशी लग्न केलं ना? तेव्हा दिसलं होतं."

त्याच वसंतात डेल्मार नावाच्या विद्यार्थ्यासाठी तो टॅन्सी घोडीला घेऊन चुनाभट्टीमागे गेला. तिथे दगडावर रुमाल अंथरून थर्लबी बसला होता. शेजारी दोन बुलडॉग.

"या, पॅमेंटर. उशीर केलात."

"घोडी पाय मोकळे करायला आणली होती, साहेब."

"गाडीचा साज चढवून?"

"थंडी वाजत असेल तिला," एक बुलडॉग म्हणाला आणि दुसरा खो खो हसला.

तेवढ्यात डेल्मार शीळ घालत गाडी घेऊन आला. थर्लबीने चौकोनी टोपी उचलून रीतीप्रमाणे विचारलं, "आपलं नाव आणि कॉलेज?"

कुलगुरूंपुढे सुनावणी झाली. थर्लबीने डेल्मारसाठी रदबदली केली. "पोर आहे, महोदय. घोडा आयता मिळाला नसता तर मोह झाला नसता." डेल्मारला सत्र संपेपर्यंत दिवेलागणीनंतर कॉलेजच्या फाटकाबाहेर जायची बंदी आणि लॅटिनच्या ओळी उतरवून काढायची शिक्षा मिळाली. मग कुलगुरूंनी पॅमेंटरला विचारलं, "आणखी कोणाकोणाला घोडे दिलेस? नावं सांग, शिक्षा हलकी करू."

पॅमेंटरने थर्लबीकडे पाहिलं. थर्लबीनेही त्याच्याकडे पाहिलं.

"तो घाबरला असता तर मला चाललं असतं," पॅमेंटर मला बऱ्याच वर्षांनी म्हणाला. "पण तो निवांत होता. मी बोलणार नाही, याची त्याला पक्की खात्री होती. त्या खात्रीवरच तो चुनाभट्टीमागे येऊन बसला होता."

पॅमेंटर म्हणाला, "गिऱ्हाइकांची नावं मी सांगत नाही, महोदय."

"मग उद्धटपणाही जमेस धरावा," थर्लबी म्हणाला.

प्रत्येक कॉलेजच्या भोजनगृहात कागद लागला: पॅमेंटरशी कोणत्याही विद्यार्थ्याने व्यवहार करू नये. या गावात विद्यार्थ्यांशिवाय घोडा भाड्याने घेतो कोण? एकेक करून घोडे विकले गेले. बंदी उठली तेव्हा तबेल्यात कोळशाची वखार होती आणि पॅमेंटर त्याच वखारीची गाडी हाकत होता. थर्लबी दर नाताळला मेजवानीसाठी एक मारलेला हंस पाठवी. केझाया तो न सोलता कॉलेजच्या फाटकाला टांगून येई.

एकदा मी त्याच्याबरोबर वखारीच्या दारात उभा असताना एक नवा विद्यार्थी आला. दबक्या आवाजात म्हणाला, "पॅमेंटर, पुढचा घोडा उभा करायची तुमची एक जागा होती म्हणे. कुठे ती?"

पॅमेंटरने हात झटकले. काळी भुकटी उडाली.

"थर्लबी साहेबांना विचारा," तो म्हणाला. "माझं जुनं गिऱ्हाईक."

पोरगा मोठ्याने हसला. त्याला ती थट्टा वाटली.