अख्ख्या कोंबडीचा करार

सुजाता वानखेडे मूळची नागपूरची. अर्थशास्त्रात पीएच.डी. करायला अमेरिकेत आली आणि ईश्वरशी लग्न करून व्हर्जिनियातल्या हर्नडनला राहिली. वॉशिंग्टनमधल्या एका सल्लागार कंपनीत ती परदेशी सरकारांना व्यापारी करारांसाठी मदत करायची.

१९८५ साली सेंट ऑर्सुला नावाच्या कॅरिबियन बेटाने शेजारच्या बेटांचा व्यापारसंघ सोडला. बेटाचे व्यापारमंत्री मिस्टर प्रॉस्पर यांना संघाच्या बैठकीत मागच्या रांगेत खुर्ची मिळाली होती, हे त्याचं कारण. आता आपण अमेरिकेशी थेट, बरोबरीच्या नात्याने बोलू, असं जाहीर करून ते वॉशिंग्टनला आले. सल्लागार म्हणून कंपनीने सुजाताला दिलं.

टेबलाच्या एका बाजूला अमेरिकन अधिकाऱ्यांची अख्खी रांग बसली. समोर मंत्री आणि सुजाता.

अमेरिकेचे मुख्य अधिकारी हॉलिस अतिशय सभ्य. मंत्री म्हणाले, आमचा झेंडा तुमच्या झेंड्याएवढा उंच हवा. हॉलिस म्हणाले, जरूर. करारात आमचं नाव आधी हवं. अवश्य. 'दोन महान राष्ट्रं' असा उल्लेख हवा. हॉलिसनी तेही आनंदाने लिहून घेतलं. मग एक छोटंसं कलम पुढे केलं: अमेरिकेतून येणाऱ्या फ्रोझन कोंबडीच्या तंगड्यांवर बेटाने जकात लावू नये.

जेवणाच्या सुट्टीत सुजाताने मंत्र्यांना समजावलं. "सर, या तंगड्या मातीमोल भावात येतील. तुमच्याकडचे कोंबडीपालन करणारे सगळे बुडतील. संघात होतात तेव्हा सगळ्या बेटांनी मिळून हे अडवलं होतं."

"मॅडम," मंत्री म्हणाले, "तुम्ही जकात बघता. इतिहास सन्मान बघतो."

संध्याकाळी घरी ईश्वरने कोंबडीचा रस्सा केला होता. त्याने तंगडी तिच्या ताटात वाढली.

"हीच तंगडी माझ्या डोक्याला ताप झालीय," ती म्हणाली. "इथल्या लोकांना फक्त छातीचं मांस आवडतं. तंगड्या उरतात, त्या बेटाच्या गळ्यात मारतायत."

"कमाल आहे यार. आपल्याकडे पाहुण्याला तंगडी देतात, आणि हे उरलेलं एक्सपोर्ट करतात."

उरलेलं. सुजाताचा घास हातातच राहिला. तिच्या आजीने गावात दुसऱ्यांच्या घरचं शिळंपाकं घेणं एके दिवशी कायमचं बंद केलं होतं, आणि त्यासाठी उपास काढले होते. हा शब्द माणसाला कुठे लागतो हे सुजाताला कोणी सांगायला नको होतं.

सकाळी कॉफी घेताना ती मंत्र्यांना म्हणाली, "सर, जकातीचं राहू द्या. पण अमेरिकन लोक त्या तंगड्या फारशा खात नाहीत. त्यांचं खाऊन जे उरतं, ते आपल्याकडे येणार आहे."

मंत्र्यांनी कप खाली ठेवला. "उरलेलं? आम्हाला?"

बैठक सुरू होताच ते उभे राहिले. सेंट ऑर्सुला कोणाचं उरलेलं खाणार नाही. कोंबडी पाठवायची तर अख्खी पाठवा.

हॉलिस गोंधळले. अख्खी कोंबडी महाग पडते, असं त्यांनी परोपरीने सांगितलं. मंत्री आणखी ताठ झाले. महान राष्ट्राला महाग चालतं, म्हणाले. सुजाता खाली मान घालून पेन्सिलीला टोक करत बसली. शेवटी त्या कोंबडीसाठी करार अडवणं हॉलिसना बरं वाटेना, आणि 'फक्त अख्खी कोंबडी' असं कलम पक्कं झालं.

मंत्री बेटावर परतले तेव्हा बंदरावर बँड होता. कंपनीत सुजाताच्या साहेबांनी 'भावनिक मुद्द्यांवर वेळ गेला' असा शेरा मारला.

पुढच्या हिवाळ्यात सुजाता आणि ईश्वर सुट्टीसाठी त्या बेटावर गेले. समुद्रकाठी एक बाई निखाऱ्यावर कोंबडी भाजत होती.

"ही अमेरिकेची का?" सुजाताने विचारलं.

"छे, माझ्या भावाच्या खुराड्यातली. अमेरिकेची महाग, कोण घेणार? पण आमच्या मंत्र्यांनी त्यांना चांगलं वाकवलं हो. एकट्याने."

"हो, ऐकलंय," सुजाता म्हणाली, आणि तिने दोन तंगड्या मागितल्या.