टेप गळ्यात असली की

"हात सोड, समोर बघ. वाकलेल्या माणसाचं माप चुकतंय," असं म्हणत आमच्या घरासमोरच्या शिवणकाम करणाऱ्या काकू पाठीवर थाप मारायच्या आणि मगच टेप लावायच्या. लातूरला क्लाससाठी आलेल्या कितीतरी पोरींना त्यांनी असं ताठ उभं केलं. कॉलेजातल्या बाई असोत की डाळमिलमधली कामगार, दटावणं सगळ्यांना सारखंच.

पण टेप गळ्यातून निघाली की बाई निराळीच! तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. रस्त्यानं जाताना पदर कपाळाच्या खाली, नजर चपलांवर, समोरून पुरुषमाणूस आला की भिंतीला खेटून उभ्या. बघणाऱ्याला वाटावं, बाई फारच भित्री दिसते.

हिमायतनगरच्या एका शिवणवर्गात शिक्षिकेची जागा निघाली, तेव्हा अर्ज मीच भरला. "घरात शिवून शिवून जन्म चालला. एकदा वर्गावर उभं राहायचंय बघ," काकू म्हणाल्या. मुलाखतीला मी नांदेडला सोबत गेले. दार उघडंच होतं. बाहेरच्या बाकावरून सगळं दिसत होतं.

साहेब तीनदा 'बसा' म्हणाले, काकू बसल्याच नाहीत. मोठ्या माणसांपुढे खुर्चीवर कसं बसायचं? सगळी उत्तरं त्यांनी फरशीला दिली. साहेबांनी पेनाला टोपण लावलं. शेजारच्या मॅडम कीव आल्यासारख्या म्हणाल्या, "बाई, वर्गात तीस मुली असतात. तुम्हाला झेपणार कसं?"

काकूंनी मान वर केली ती उत्तर द्यायला, पण नजर गेली मॅडमच्या ब्लाउजवर. "मॅडम, शिलाई लई चांगली हाय, पण डावा खांदा उतरून राहिलाय. पर्स त्याच खांद्याला अडकवता न्हवं? उभ्या ऱ्हा जरा."

पिशवीतून टेप निघाली आणि मॅडम चक्क उभ्या राहिल्या! काकू त्यांच्याभोवती फिरत चूक समजावू लागल्या. साहेबांकडून कागद मागून घेतला, त्यावर बाहीचा कट काढून दाखवला. मला बाकावर बसवेना. बाई तीच, साडी तीच, हातातली कला तीच, आणि दोन मिनिटांपूर्वी ती नापास झाली होती! नोकरी त्यांनाच मिळाली.

काकू हिमायतनगरला राहायला गेल्या, समोरचं दार बंद आहे. मला करमत नाही, आणि आनंद पोटात मावत नाही. परवा त्यांनी फोनवर वर्गाचा फोटो पाठवला. आमचे बाबा दहा वर्षं त्यांच्या समोर राहिलेले. त्यांनी चष्मा लावून फोटो बराच वेळ न्याहाळला आणि विचारलं, "ह्या मधल्या मॅडम कोण गं?"