मुलीच्या मामांना पुकारताना

काल कपाट आवरताना जुना माईक हाती आला. जाळीच्या गंजक्या वासासरशी दिंडोरीकडचं एक लग्न आठवलं.

तेव्हा मी डीजे घेऊन लग्नांना जायचो. भर दुपारी मी पुकारलं, "मुलीच्या मामांनी मुलीला मंडपात आणावं." कुणीच उठलं नाही. नवरीची आई जवळ येऊन हळूच म्हणाली, "रुसलाय माझा भाऊ. पण यील तो, दादा. आजून एकडाव पुकारा."

मी पाच वेळा पुकारलं. दर वेळी ती रस्त्याकडे बघायची. शेवटी "ऱ्हाऊ द्या" म्हणाली आणि स्वतःच लेकीचा हात धरून आली. मला तेव्हा फक्त उशिराचा वैताग आला होता.

गेल्या वर्षी गंगापूर रोडला माझ्या भाचीचं लग्न झालं. बहिणीशी अबोला होता, म्हणून मी घरीच बसलो. तिथे मला किती वेळा पुकारलं, हे विचारायला आता तोंड नाही.