तोंडातला धागा

आमच्या डिलाईल रोडच्या चाळीतली पहिली बी.ए. मी. हे मी आजही मान ताठ ठेवूनच सांगते. असल्या-तसल्या समजुती मी मानत नाही. तरी आईची एक समजूत मला कधी खोडून काढता आली नाही.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते. थोरला भाऊ, दादा, गिरणीत साच्यावर कापड विणायचा. त्या सकाळी मोर्चाला निघताना त्याने सदरा घाईत अंगात घातला आणि उजव्या बाहीची शिवण खांद्यावर उसवली. काढायला तयार नव्हता. आईने अंगावरच टाके घालायला घेतले.

"धागो धर रे तोंडात," ती म्हणाली.

अंगावरचं कापड शिवताना ते ज्याने घातलंय त्याने तोंडात धागा धरायचा, नाहीतर त्याचं वाईट होतं, असं आमच्याकडे मानतात.

"धागा धरून घोषणा काय नाकातून देऊ, आये?"

आम्ही तिघंही हसलो.

दुपारी गोळीबार झाला. गोळी त्याच्या उजव्या कोपरात लागली. जखम सडली, दंडापासून हात कापावा लागला. इस्पितळातून सदरा परत आला तेव्हा बाही कात्रीने उभी चिरलेली, रक्ताने कडक झालेली. खांद्यावरचे आईचे टाके तेवढे शाबूत. ती त्यांच्यावरून बोट फिरवत राहिली. "ह्या माझ्याच हातान झाला," म्हणाली.

मी सांगितलं, गोळी पोलिसांनी मारली, सुईने नाही. कितीदा सांगितलं. पण तिने सुईला हात लावणं सोडलं ते सोडलंच.

एका हाताने साचा चालत नाही. गिरणीने दादाला परत घेतलं नाही. कुठे वॉचमनची जागा आहे असं कळलं म्हणून तो विचारायला निघाला, तेव्हा रिकामी बाही लोंबत होती.

"दुमडून शिव गं, बी.ए."

"सदरा काढ."

"काढायला-घालायला मला किती वेळ लागतो, ठाऊक आहे ना? अंगावरच शिव."

आई शेगडीपाशी बसली होती. दादाने डाव्या हाताने रिळाचा धागा ओढला, दातांनी तोडला आणि ओठांत धरला.

"तू कधीपासून मानायला लागलास?" मी विचारलं. त्याने हनुवटीने आईकडे खूण केली.

मी शिवत होते. आईने वळून पाहिलं.

"आता कशाक रे?" ती म्हणाली आणि परत शेगडीकडे वळली.

शिवण पुरी होईपर्यंत दादाने धागा सोडला नाही.